पट्टी एकट्या तिच्याच डोळ्यांवर का?

पत्र :

ताई, मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते, एम.ए. करते. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण हजिऱ्याला राहते. आम्ही दोघींनी टॉल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे कल्पित जगातलं पुस्तक एकत्र वाचलं आणि आता दर रविवारी मुलांना ते थोडं थोडं, हिंदीत सांगत वाचून दाखवतो. तिच्या गल्लीतली मुलं येतात, माझ्याही. मागच्या महिन्यात कळलं की तिचे पणजोबा आमच्याच वाड्यात भाडेकरू होते. खाली त्यांचं तंबोरे-सतारी दुरुस्त करायचं दुकान होतं. माझ्या आजोबांनी दावा लावला आणि त्यांना जागा सोडावी लागली. आजी म्हणते, 'भाडं बुडवलं.' तिची नानी म्हणते, 'पैसे घेतले, पावती दिली नाही आणि ऐन पावसाळ्यात बाहेर काढलं.' आता दादाचं लग्न आहे. आजीने बजावलंय, त्या घरचं कुणी आपल्या पायऱ्या चढायचं नाही. आईने तोड काढली : तिला बोलवू, पण आजीपुढे वेगळ्या नावाने. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, 'तू एल्फ आहेस, तुला काय कळणार,' आणि त्यानंतर रविवारी आलीच नाही. कोर्टाचे कागद माळ्यावर आहेत. ते वाचून खरं कोण ते शोधू का? की एकमेकांशी न पटणाऱ्या वंशांतल्या एल्फ लेगोलस आणि ड्वार्फ गिमलीसारखी दोस्ती पुस्तकातच होते? शिवाय ती पूर्वीपासून म्हणते की ज्या पुस्तकात ऑर्क नावाची जमात झाडून सगळी वाईट, त्याच्याकडून दोस्ती काय शिकायची? याला माझ्याकडे उत्तर नाही.
– लष्करातली वाचक

प्रिय मुली,

आधी त्या वेगळ्या नावाचं बोलू. कागद, आजी, ऑर्क हे सगळं त्याच्यानंतर.

मोरियाच्या खाणीत म्हातारा जादूगार गँडाल्फ हरपल्यावर, दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेल्या टोळीतले उरलेले आठजण एल्फांच्या लॉथलोरिएनच्या सीमेवर पोचतात, तो प्रसंग पुन्हा काढून वाच. पहारा देणारे एल्फ म्हणतात, बाकीच्यांनी यावं, ड्वार्फला मात्र डोळ्यांवर पट्टी बांधून यावं लागेल, आमचा तसा कायदा आहे. गिमली कुऱ्हाड उपसतो, समोर धनुष्यं ताणली जातात. टोळीचा म्होरक्या ॲरागॉर्न मध्ये पडतो. एकट्या ड्वार्फला असं वेगळं काढणं बरं नाही, पट्टी बांधायचीच तर सगळ्यांना बांधा, लेगोलसलासुद्धा, असं तो सांगतो. त्यावर गिमली हसून म्हणतो की माझ्या जोडीला एकट्या लेगोलसला बांधली तरी माझी हरकत नाही. आणि लेगोलस भडकतो. मी एल्फ आहे, ही माझ्या भाऊबंदांची जागा आहे, मला कसली पट्टी?

हा लेगोलस वाईट नाही. पण पट्टी गिमलीला बांधायची होती तोवर तो कायदा त्याला खटकला नव्हता. तो खटकला स्वतःच्या डोळ्यांशी आल्यावर.

तुझ्या आईने काढलेली तोड म्हणजे तीच पट्टी आहे. आईचा हेतू वाईट नव्हता हे मला पटतं. लग्नघरात सासूलाही सांभाळायचं आणि लेकीच्या मैत्रिणीलाही, अशा वेळी बाईमाणूस जी वाट दिसेल ती काढतं. पण त्या वाटेवर डोळे मिटून चालायचं होतं कुणी? एकट्या तुझ्या मैत्रिणीने. आजी आपल्या नावाने मिरवणार, तू तुझ्या, पाहुणे त्यांच्या. तिने मात्र जेवायला बसताना स्वतःचं नाव दाराबाहेर ठेवायचं, आणि तेही त्याच वाड्यात, जिथून तिच्या पणजोबांना बाहेर काढलं होतं. ती तुला एल्फ म्हणाली ते मला टोचून बोलणं वाटत नाही. दोघींनी मिळून वाचलेल्या पुस्तकातून तिने तुझी जागा तुला दाखवली. पुढच्या भांडणासाठी ती पुस्तकाबाहेर गेली नाही, ही मला चांगली खूण वाटते.

तेव्हा तिच्याकडे जा. मेसेज नको, स्वतः जा, रिक्षा कर आणि हजिऱ्याला जा. नाव लपवायला सांगितलं ते माझं चुकलं, एवढंच म्हण. 'आई म्हणाली म्हणून' हे जोडू नकोस, कारण आई म्हणाली असली तरी निरोप तू नेलास.

मग घरी येऊन आजीला तूच सांग की माझी मैत्रीण त्या घरची नात आहे आणि आमची मैत्री मोडणार नाही. आजी रागावेल. कदाचित लग्नाच्या गडबडीत चार दिवस तुझ्याशी बोलणार नाही, किंवा तुझ्यादेखत तुझ्या आईला बोलेल, आणि तेच तुला जास्त लागेल. तो राग तुझ्या वाट्याचा आहे. आत्तापर्यंत त्याची किंमत तुझ्या मैत्रिणीने भरायची, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

आणि दादाला विचारलंस का? पत्रात आजी आहे, आई आहे, नवरदेव कुठेच नाही. लग्न त्याचं आहे. धाकट्या बहिणीची मैत्रीण स्वतःच्या नावाने यावी असं त्याने एकदा आजीला म्हटलं, तर त्याचं वजन तुझ्या दहा वेळच्या रडण्यापेक्षा जास्त पडेल. हे न्याय्य नाही, पण आपल्या घरांत असंच आहे, आणि त्याचा उपयोग करून घ्यायला हरकत नाही.

तरीही आजी हटली नाही तर मैत्रिणीला मांडवात आणू नकोस. आजीला धडा शिकवायला तिला पुढे करणं म्हणजे तिच्याच अंगावर दुसरं ओझं टाकणं. तिला खरं कारण सांग आणि लग्नानंतर दादा-वहिनीला घेऊन तिच्याकडे जा. लपतछपत जाऊ नका, सांगून जा.

आता कागदांचं. मोरियाच्या पश्चिम दरवाजापाशी एक लहानसा संवाद आहे. तो दरवाजा ड्वार्फ नार्वी आणि एल्फ केलेब्रिंबॉर यांनी मिळून घडवलेला. गँडाल्फ म्हणतो, ते दिवस बरे होते, वेगवेगळ्या वंशांच्या लोकांत तेव्हा मैत्री असायची, एल्फ आणि ड्वार्फ यांच्यातसुद्धा. गिमली लगेच म्हणतो, ती मैत्री आटली यात ड्वार्फांचा दोष नव्हता. लेगोलस म्हणतो, एल्फांचा होता असं मी तरी ऐकलेलं नाही. अगदी तुझी आजी आणि तिची नानी! त्यावर म्हातारा सांगतो की मी दोन्ही ऐकलंय आणि निवाडा मी आत्ता करणार नाही. पण निदान तुम्ही दोघं तरी एकमेकांचे मित्र व्हा आणि मला मदत करा. मला तुम्ही दोघंही हवे आहात.

या पुस्तकातल्या मैत्रीबद्दल लोक बोलतात तेव्हा बहुधा चित्रपटातला शेवटच्या लढाईपूर्वीचा, खांद्याला खांदा लावून मरण्याबद्दलचा संवाद आठवतात. तो पुस्तकात नाही. मला दरवाजापाशी विनवणी करणारा हा म्हातारा जास्त मोलाचा वाटतो, कारण तो कुणाचंच म्हणणं खोटं ठरवत नाही. 'दोघांचंही थोडं थोडं चुकलं' असली गुळमुळीत समजूतही घालत नाही. निवाडा व्हायचा तेव्हा होईल, पण मैत्री त्याच्यासाठी थांबवू नका, एवढंच त्याचं मागणं आहे. आणि गाऱ्हाणं काही हवेतलं नव्हतं. गिमलीच्या बापाला, ग्लोइनला, लेगोलसच्या बापाने आपल्या कोठडीत डांबलं होतं. एल्फांचा जाणता एल्रॉण्ड याच्या घरी भरलेल्या सभेत ग्लोइन हे लेगोलसला सर्वांदेखत ऐकवतोही. त्याच सभेनंतर त्या दोन बापांची मुलं एका वाटेने निघतात.

म्हणून माळ्यावरचे कागद आत्ता उतरवू नकोस. मैत्रिणीशी बोलणं तुटलेलं असताना ते वाचलेस तर तू प्रत्येक पान एक तर आजीला सोडवण्यासाठी वाचशील, नाहीतर तिला दोषी ठरवण्यासाठी. पुढे कधीतरी दोघी मिळून वाचा, तिला वाचायचे असतील तर. पण त्या दिवसासाठी एक गोष्ट आत्ताच मनाशी पक्की कर. मालक आणि भाडेकरू एका पातळीवर उभे नव्हते. तुमचा खटला गेला असता तरी वाडा तुमचाच राहिला असता, त्यांचा गेल्यावर डोक्यावरचं छप्पर आणि पोटाचं दुकान दोन्ही गेलं. पावतीशिवाय भाडं घेतलं होतं असं त्या कागदांत निघालं, तर ते तिला सांगायला तू कचरायचं नाही. आणि भाडं खरंच थकलं होतं असं निघालं, तर पावसाळ्यात बाहेर काढलेल्या माणसांचं दुःख त्याने कमी होत नाही.

पण त्या दोघांची मैत्री झाली कशी, हे तू विचारलं नाहीस आणि मला तेच सगळ्यात जवळचं वाटतं. ती लढाईत झाली नाही. लॉथलोरिएनमध्ये पट्ट्या सुटतात तेव्हा गिमलीची सर्वांत आधी सुटते आणि पहारेकरी त्याची माफी मागतो. पुढे गिमली तिथल्या स्वामिनीसमोर, गॅलाड्रिएलसमोर उभा राहतो. तिचा नवरा नुकताच त्याला लागेल असं बोललेला असतो. ती नवऱ्याला अडवते आणि गिमलीच्या पूर्वजांच्या त्या हरवलेल्या खाणीची आणि तिच्या आसपासच्या स्थळांची नावं ड्वार्फांच्याच भाषेत, जिव्हाळ्याने घेते. गिमली मान वर करून बघतो आणि शत्रू समजलेल्या बाईच्या मनात त्याला प्रेम आणि समज दिसते. तुम्ही जे गमावलंत ते सुंदर होतं, हे एका एल्फने त्याला सांगितलेलं असतं. त्यानंतर तिथल्या मुक्कामात लेगोलस फिरायला जाताना गिमलीला बरोबर नेऊ लागतो, आणि बाकीच्यांना या बदलाचं नवल वाटतं. ते काय बोलत असतील, हे टॉल्किन लिहीत नाही.

हेल्म्स डीपच्या लढाईत किती शत्रू मारले याची मोजणी गिमली ४२, लेगोलस ४१ अशी संपते, ती मुलांना फार आवडेल. मोठ्यांसाठी त्याच्या पुढचं पान आहे. गिमली तिथल्या चकाकणाऱ्या गुहांचं असं वर्णन करतो की इतका वेळ थट्टा करणारा लेगोलस हलतो. गुहेत शिरायला नको म्हणून मी सोनं देईन, असं तो आत्ताच म्हणालेला असतो. मग करार होतो. जगलो वाचलो तर तू माझ्याबरोबर फँगॉर्नच्या जंगलात यायचं, मी तुझ्याबरोबर गुहेत येईन. गिमलीला ते जंगल नको असतं, पण जाईन म्हणतो. युद्ध संपल्यावर दोघं तो शब्द पाळतात. गुहेतून बाहेर आल्यावर, बोलण्यात कधी न हरणाऱ्या एल्फजवळ शब्दच उरलेले नसतात.

तू तिच्या नानीकडे जा, पण भांडणाचं विचारायला नको. दुकानाचं विचार. पणजोबांचा हात कसा चालायचा, कुणाकुणाचे तंबोरे दुरुस्तीला यायचे, भोपळा तडकला तर काय करायचे, जवारी लावताना, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार खुलवताना, कानाने कसं ओळखायचे, ते ऐक. ग्वाल्हेरसारख्या गावात तुमच्या वाड्याच्या खालच्या खोलीत कुणीतरी दिवसभर तार छेडून, कान देऊन जवारी लावत बसत होतं, ही गोष्ट तुमच्या घरात 'भाडं बुडवलं' या दोन शब्दांखाली गाडली गेली आहे. तिच्या घरात मात्र ती अजून जिवंत असणार. आजीलाही ते आवाज आठवत असतील. लग्न होऊन ती त्याच वाड्यात आली होती ना? एखाद्या दिवशी, भांडणाचा विषय न काढता, खाली तार लागायची ते तुला आठवतं का, असं नुसतं विचार. ती उत्तर देईल की नाही, मी सांगू शकत नाही.

हे पुस्तकातच होतं का? तू हे ग्वाल्हेरहून विचारतेस याचं मला नवल वाटतं. ग्वाल्हेरचे गवई हद्दू खाँ, हस्सू खाँ, नत्थू खाँ यांनी ज्या मराठी घरांतल्या मुलांना तालीम दिली, त्यांच्यामार्फत ग्वाल्हेरचं ख्यालाचं गाणं महाराष्ट्रात पोचलं. पण 'आमच्या गावात संगीताने सगळे एक झाले' हे वाक्य समारंभात म्हणायला सोपं आहे आणि ते म्हणून लोक आपापल्या घरी जातात. मला घरातली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. गवई निसार हुसेन खाँसाहेबांचा दरबारचा आश्रय गेला तेव्हा ते आपले शिष्य शंकरराव पंडित यांच्या घरी राहिले. एकाच छपराखाली, त्या काळातल्या सोवळ्याओवळ्याच्या ब्राह्मण घरात. विष्णुपंत छत्रे हद्दू खाँकडे गाणं शिकले आणि पुढे त्यांनी सर्कस काढली. हद्दू खाँचा मुलगा रहमत खाँ मनाचा तोल जाऊन बनारसमध्ये हलाखीत भटकत होता, तेव्हा विष्णुपंतांनी त्याला आपल्याकडे नेलं, आणि त्यांच्यामागे छत्र्यांच्या घराने त्याला सांभाळलं. एकाने आजाऱ्याला जेवू घातलं, दुसऱ्याने घरात खोली दिली. तुझ्या घरासमोर प्रश्न आहे तो एका संध्याकाळच्या जेवणाचा.

तुझ्या मैत्रिणीचा ऑर्कांबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. ऑर्कांना त्या पुस्तकात ना घर आहे, ना आई. दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून येणारी सावळी माणसं बहुतेक वेळा शत्रूच्या सैन्यातच दिसतात, आणि आपल्यासारख्या वाचकाला ते खुपतं. खुपायलाच हवं. जन्मानेच कायमची दुष्ट अशी जात असू शकते का, हा प्रश्न टॉल्किनलाही छळत होता. त्याच्या पत्रांत आणि नंतरच्या टिपणांत तो त्याच्याशी झगडताना दिसतो, त्याला धड उत्तर सापडलं नाही. पण त्याच पुस्तकात इथिलिएनमध्ये एक दक्षिणेचा सैनिक बाण लागून, अंगठी नेणाऱ्याचा सोबती सॅम याच्या जवळच मरून पडतो. सॅमच्या मनात येतं, याचं नाव काय असेल, हा कुठला असेल, मनाने खरंच वाईट असेल का, की कुणाच्या थापांनी नाहीतर धमक्यांनी घरापासून इतक्या लांब आला? त्याला घरीच राहायचं असेल का? पूर्ण पुस्तकभर शत्रू म्हणून दाखवलेल्या माणसाचं नाव सॅमला हवंसं वाटतं. तुझी मैत्रीण ही चूक पकडू शकते म्हणूनच मुलांना ते वाचून दाखवायला ती हवी. ऑर्कांच्या पानांवर तिने थांबावं, मुलांना विचारावं. एकटी वाचलंस तर तू पुढे निघून जाशील.

आता आशेचं. घान-बुरी-घान आठवतो? रानात राहणारा, रोहानचे लोक ज्याच्या माणसांची जनावरांसारखी शिकार करायचे तो. त्याच रोहानचा राजा थिओडेन याच्या सैन्याला तो गुप्त वाट दाखवतो. बदल्यात मैत्री मागत नाही, सोनं मागत नाही. आम्हाला आमच्या रानात राहू द्या, शिकार थांबवा, एवढंच मागतो. आजी आणि नानी यांच्याबद्दल माझी अपेक्षा साधारण इतकीच आहे. त्या दोघी गळाभेट घेतील या आशेवर काही बेतू नकोस. आजीने तुझ्यासमोर त्या घराला नावं ठेवणं थांबवलं, तरी पुष्कळ झालं. तुम्हा दोघींचं तसं नाही, तुमच्याकडून मी जास्त मागते.

टॉल्किन १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, सॉमच्या लढाईत होता. त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तो लिहितो की १९१८ पर्यंत त्याचे जवळचे मित्र, एक सोडून, सगळे मेले होते. ज्याने हे पाहिलं त्याने पुढे १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन खंडांत नऊजणांची टोळी रचली, आणि निघताना एल्रॉण्डकडून त्यांना शपथ घालू दिली नाही. अंगठी नेणाऱ्यावर काय ते बंधन. बाकीच्यांनी वाटेल तिथपर्यंत चालावं, वाटेल तिथून परतावं. गिमलीला हे पटत नाही, अंधार पडल्यावर साथ सोडणारा बेइमान असं तो म्हणतो. एल्रॉण्डचं म्हणणं असं की ज्याने रात्र पाहिलेली नाही त्याने अंधारात चालायची शपथ घेऊ नये. तूही मैत्रिणीला जन्मभराचा शब्द देऊ नकोस आणि तिच्याकडून मागू नकोस. रविवारचं वाचन पुन्हा सुरू करू, हे मात्र म्हण. ती पहिल्या रविवारी आली नाही तरी मुलं येतील. तिच्या गल्लीतल्या मुलांना तू स्वतः आणायला जा, म्हणजे तिच्या दारावरून जाणं होईलच.

आणि पट्टीचा प्रसंग जेव्हा येईल तेव्हा गिमलीचं बोलणं तिला वाचू दे, लेगोलसचं तू वाच. मुलांना विचार, तुम्ही असता तर काय केलं असतं. मुलं काय म्हणाली, दादा काय म्हणाला आणि नानींनी दुकानाबद्दल काय सांगितलं, ते मला कळव.

तुझी ताई